बाण जाड घ्यायचा की बारीक? दोन मिलिमीटरचा हिशोब

कराडच्या एका दादांनी विचारलंय. पोरगी १६ वर्षांची, रिकर्व्ह (ऑलिंपिकमधलं साधं धनुष्य) मारते, दोरी पूर्ण ओढली की बोटांवर ३४ पौंड येतात, जिल्ह्यातून निवड झालीये आणि आता राज्याला ६० मीटर खेळायचंय. कोच म्हणतात बारीक शाफ्ट, म्हणजे बाणाची नळी, घ्या. दुकानदार म्हणतो जाड घ्या, लाइन कापते, मार्क वाढतात. आणि मैदानावरच्या एका सीनियर मुलाने ठासून सांगितलंय की एक्स-टेन नावाच्या महागड्या बाणाशिवाय काही खरं नाही. दादा विचारतायत नेमकं कुणाचं ऐकू, पैसे एकदाच घालणार आहे.

दादा, दुकानदार इनडोअरबद्दल बोलतोय, कोच आउटडोअरबद्दल बोलतायत आणि तो सीनियर मुलगा स्वतःबद्दल बोलतोय. कोचचं ऐका. पण का ऐकायचं ते नीट सांगतो, कारण उद्या पोरगी इनडोअर खेळायला लागली की हाच प्रश्न परत येणार आणि तेव्हा उत्तर उलटं असणार आहे. मी १७ वर्षं धनुष्य धरतोय, आधी रिकर्व्ह, मग खांद्याने दगा दिला म्हणून कंपाउंड (चाकांचं धनुष्य), आणि गेली सात-आठ वर्षं पोरांचे बाण कापणं, चिकटवणं, ट्यून करणं हेच जास्त चाललंय. तर या जाडीच्या भानगडीत मी स्वतः दोनदा पैसे बुडवलेत.

आधी लाइनचं बघू कारण सगळे तिथेच अडकतात. नियम असा की शाफ्ट रेषेला नुसता टेकला तरी वरचा मार्क मिळतो. म्हणून माणूस म्हणतो बाण जाड तर टेकायची शक्यता जास्त. बरोबर आहे. पण किती जास्त? वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या नियमात शाफ्ट जास्तीत जास्त ९.३ मिलिमीटर जाड चालतो, पॉइंटला (पुढच्या टोकाला) ९.४ पर्यंत सूट आहे. समजा एक बाण ५ मिलिमीटरचा आणि दुसरा पूर्ण ९.३ चा. फरक ४.३, पण फायदा ४.३ चा नाही हां, कारण बाणाचा मध्य जिथे लागला तिथून रेषेकडे फक्त अर्धी जाडी पोचते. म्हणजे फायदा २.१५ मिलिमीटरचा. इथेच बरेच जण फसतात, दुप्पट हिशोब धरतात.

आता ६० आणि ७० मीटरला रिकर्व्हचा फेस, म्हणजे निशाण्याचा कागद, १२२ सेंटीमीटरचा, प्रत्येक रिंग ६१ मिलिमीटर रुंद. ६१ मधे २.१५ म्हणजे साडेतीन टक्के. तुमच्या पोरीचे बाण पिवळा, लाल, थोडे निळ्यात असे पसरत असतील तर दर शंभर बाणांत साडेतीन बाणांना एक-एक मार्क जास्त मिळेल. ७२ बाणांच्या राउंडला अडीच मार्क. बास. एवढ्यासाठी दुकानदार तुम्हाला जाड बाण विकतोय.

तेच इनडोअरला बघा. १८ मीटर, ४० सेंटीमीटरचा फेस, रिंग फक्त २० मिलिमीटर रुंद. तिथे तेच २.१५ मिलिमीटर जवळजवळ ११ टक्के होतात, ६० बाणांना सहा-साडेसहा मार्क. पोरांच्या इनडोअर स्पर्धेत सहा मार्कांत पाच-सहा नंबर इकडचे तिकडे होतात. आणि तिथे वारा नाही. मग का नाही घ्यायचा जाड? घ्यायचाच. म्हणून म्हटलं दुकानदार खोटं बोलत नाहीये, फक्त त्याचं खरं छपराखालचं आहे.

आता वारा. हा भाग जरा सावकाश वाचा कारण मैदानावर दहापैकी आठ जण हे चुकीचं समजावतात. म्हणतात जाड बाणाला बाजूने वारा लागायला जागा जास्त म्हणून तो ढकलला जातो. ऐकायला पटतं पण तसं होत नाही. बाणाला मागे पिसं आहेत, तो जुन्या बंगल्याच्या छपरावरच्या वातकुक्कुटासारखा वागतो, वारा आला की शेपूट वळते आणि नाक वाऱ्याकडे जरासं तिरकं होतं. मग बाणाला बाजूने वारा लागतच नाही फारसा, समोरूनच लागतो. पण आता बाण आपल्या रस्त्याला जरा तिरका आहे, आणि हवा त्याला जी मागे ओढतेय ती ओढसुद्धा तिरकी झाली. त्या ओढीचा थोडा भाग बाणाला आडवा सरकवतो. म्हणजे खरा चोर हवेची ओढ, बाजूचा धक्का नाही.

याचा एक जुना सोपा हिशोब आहे, बंदूकवाले पण हाच वापरतात. हवा नसती तर बाण बटपर्यंत (फेस लावतात त्या ठोकळ्यापर्यंत) किती वेळात पोचला असता आणि खरा किती वेळात पोचला, या दोन वेळांतला फरक घ्यायचा आणि त्याला आडव्या वाऱ्याच्या वेगाने गुणायचं. जे येईल तेवढा बाण सरकला. तुमच्या पोरीचा बाण सेकंदाला ५० मीटरच्या आसपास निघत असेल, ६० मीटरला सव्वा सेकंद लागतो. ५ मिलिमीटरचा, १७-१८ ग्रॅमचा बाण धरला तर हवेमुळे साधारण सेकंदाचा विसावा भाग वाया जातो. ताशी ११ किलोमीटरचा म्हणजे सेकंदाला ३ मीटरचा वारा असेल, जो आपल्याकडे दुपारी साधाच म्हणायचा, तर ३ गुणिले ०.०५, १५ सेंटीमीटर. अडीच रिंग! हा माझा कागदावरचा अंदाज आहे, पिसं कुठली, पॉइंट कसा, बाण सुटताना किती वळवळतो यावर बदलतो, पण मैदानावर सायट (धनुष्यावरची नेम धरायची खूण) किती हलवावी लागते त्याच्याशी बऱ्यापैकी जुळतो.

आता बाण ९.३ चा करा, वजन आणि वेग तोच ठेवा. समोरून दिसणारं तोंड साडेतीन पट झालं, आणि घासणारी बाहेरची बाजू पावणेदोन पटीच्या वर गेली. हवेची ओढ या दोन्हींवर असते म्हणून ती साडेतीन पट होत नाही, पण दुपटीच्या खाली पण राहत नाही फारशी. दुप्पटच धरू. म्हणजे १५ च्या जागी ३० सेंटीमीटर.

तुम्ही म्हणाल मग सायट जास्त हलवू, नाहीतर बाजूला एम करू. बरोबर, वारा एकसारखा असेल तर ३० सेंटीमीटर पण भरून काढता येतात. पण वारा एकसारखा असतो का कधी? झुळूक येते, पोरगी क्लिकरवर (बाण पुरा ओढला की टक् वाजणारी पट्टी) असते, तेवढ्यात वारा सेकंदाला १ मीटरने पडतो. बारीक बाणाला त्या चुकीची किंमत ५ सेंटीमीटर, म्हणजे दहाचा नऊ, कधी दहाच राहतो. जाड बाणाला तीच चूक १० सेंटीमीटर, म्हणजे नऊ, कधी आठ. ७२ पैकी वीस बाणांना जरी असं झालं तरी दहा-पंधरा मार्क गेले. आणि लाइन कापून कमावले किती, अडीच. दुधाची तहान ताकावर म्हणतात, इथे तर ताक पण दुसऱ्याच्या घरचं.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मी खाऊन शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एकच चांगला सेट होता, जाड ॲल्युमिनियमचा, हॉलमधे त्याचे ग्रुप बघून लोक फोटो काढायचे. तेच घेऊन मे महिन्यात एका उघड्या माळावरच्या स्पर्धेला गेलो. सकाळी वारा झोपलेला होता तोवर मी वरच्या आठात होतो, छाती फुगवून फिरत होतो. साडेअकराला पश्चिमेकडून वारा सुटला आणि सुपात पाखडल्यासारखे बाण पसरायला लागले. एक लाल, एक काळा, पुढचा परत पिवळा. शेजारच्या लेनवर एक पोरगा बारीक कार्बन मारत होता, माझ्यापेक्षा फॉर्म कच्चा, रिलीज तर अगदी वाईट, पण त्याचे बाण लालच्या बाहेर जात नव्हते. दुपारी मी २६ वा आलो. घरी येताना एसटीत सगळा दोष वाऱ्याला दिला, बाणांवर संशय यायला अजून एक सीझन गेला.

मग प्रश्न येतो की जाड नको ठीक आहे पण किती बारीक. आणि इथे दुकानातला मोठा घोळ आहे तो समजून घ्या. दुकानदार ३.२, ४.२, ६.२ असे आकडे बोलतो. हे बाणाच्या बाहेरच्या जाडीचे आकडे नाहीत! आतल्या पोकळीचे आहेत, कारण पॉइंट, पिन आणि नॉक (मागची दोरीत अडकणारी खाच, पिन तिला धरते) कुठला बसणार ते पोकळीवर ठरतं. बाहेरची जाडी भिंत किती जाड त्यावर जाते, आणि भिंत स्पाइननुसार, म्हणजे बाण किती वाकतो त्यानुसार, बदलते, कडक शाफ्ट थोडा जाड, मऊ शाफ्ट थोडा बारीक, एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलमधे. ढोबळ मानाने ३.२ वाला बाहेरून साडेचार ते पाच मिलिमीटर, ४.२ वाला पाच ते सहाच्या मधे, ६.२ वाला सात किंवा जरा वर. ॲल्युमिनियमची भाषा वेगळीच, तिथे चार आकडे असतात, पहिले दोन बाहेरची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात आणि शेवटचे दोन भिंतीची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात. म्हणजे १८१६ हा १८ भागिले ६४ इंच, ७.१ मिलिमीटर. २३१५ हा ९.१ मिलिमीटर, नियमात बसणाऱ्यांतला जवळजवळ सगळ्यात जाड. २७ ने सुरू होणारे बाण पण मिळतात, ते १०.७ चे, अमेरिकेत काही प्रकारांत वापरतात पण आपल्याकडे वर्ल्ड आर्चरीच्या नियमाने चालणाऱ्या स्पर्धेत इक्विपमेंट चेकलाच बाहेर. माझ्या ओळखीच्या एकाने परदेशातल्या नातेवाइकाकडून स्वस्तात मागवले होते, एक डझन, आता त्याच्या बागेत टोमॅटोला आधार दिलाय त्यांचा.

माझा दुसरा बुडालेला पैसा या पोकळीच्या आकड्यातलाच. शाफ्ट एका ठिकाणाहून घेतले, पॉइंट दुसरीकडून, दोघांनीही फोनवर "बारीकवाले ना, हो हो" असं सांगितलं. पॉइंट शाफ्टमधे खुळखुळ्यासारखे वाजत होते. म्हणून व्हर्नियर घ्या, प्लास्टिकचा दीड-दोनशेचा पण चालतो, आणि पॉइंट-नॉक-शाफ्ट एकाच ठिकाणाहून घ्या.

आता एक्स-टेनबद्दल. तो मुलगा खोटं बोलत नाहीये. तो बाण १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या सुमाराला आला आणि तेव्हापासून ७० मीटरला वरच्या लोकांच्या भात्यात तोच जास्त दिसतो. आत बारीक ॲल्युमिनियमची नळी, वर कार्बन, मधे जरा फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता, पिंपासारखा, म्हणून बॅरल म्हणतात. बारीक असूनही वजनदार आहे आणि हीच त्याची खरी मेख आहे. मघाचा हिशोब आठवा, हवेची ओढ कमी पाहिजे आणि त्या ओढीला दाद न द्यायला वजन पाहिजे. नुसता बारीक पण फुलासारखा हलका बाण वाऱ्यात काही फार भारी नसतो. पण वजनाला धनुष्य पण लागतं ना. ४४-४८ पौंडांचं धनुष्य तो बाण ७० मीटरला आरामात नेतं. ३४ पौंडांवर जड बाण घातला तर ६० मीटरची सायट एवढी खाली येते की सायटपिन बाणाच्या वाटेत येतो की काय अशी वेळ, मग पोरगी हनुवटी बदलते, अँकर, म्हणजे दोरी चेहऱ्याला टेकवायची जागा, बिघडतो, आणि ज्या बाणासाठी सेकंडहँड स्कूटरएवढे पैसे दिले त्याने फॉर्म मोडला. नाकापेक्षा मोती जड. शिवाय पोरं बाण हरवतात, गवतात घुसला की दोन तास शोधतात, एकमेकांच्या नॉकवर बाण मारतात. त्या वयाला तो बाण नको असं माझं स्पष्ट मत आहे, कुणाला राग आला तर येऊ दे.

आणि खरं सांगू का दादा, जाडी हा तिसरा प्रश्न आहे, लोक तो पहिला विचारतात. पहिला प्रश्न स्पाइन. शाफ्ट २८ इंचांवर दोन टेकूंवर ठेवून मधे १.९४ पौंड, म्हणजे ८८० ग्रॅम लटकवायचे, तो जितका वाकला ते इंचाच्या हजाराव्या भागात. अर्धा इंच वाकला तर ५००. आकडा मोठा तर बाण मऊ. हे चुकलं की जाड-बारीक काही उपयोग नाही, बाण तिरकाच निघणार, तिरका निघाला की हवेची ओढ वाढणार, म्हणजे बारीक घेऊन जे वाचवलं ते तिथेच गेलं. दुसरा प्रश्न बारा बाण एकसारखे आहेत का, वजनाला आणि सरळपणाला. तिसरा मग जाडी.

जाडी आणि स्पाइन एकमेकांत गुंतलेले पण आहेत. नळी जितकी जाड तितकी ती न वाकणारी, सायकलची फ्रेम बघा, पोकळ आणि पातळ असून कशी कडक. म्हणून ९ मिलिमीटरच्या घरातले बाण बहुतेक कडकच येतात, २३१५ चा स्पाइन ३४० आहे. तो ३४ पौंडांच्या धनुष्यातून मारणं म्हणजे उसाच्या जागी पहार घालणं. लोक जड पॉइंट टाकून, बाण लांब ठेवून त्याला मऊ करायला बघतात, थोडंफार जमतं, पण एवढ्या हलक्या धनुष्याला नाही. म्हणून दुकानदाराने दाखवलेला सगळ्यात जाड बाण तुमच्या पोरीला इनडोअरला पण चालणार नाही. तिला इनडोअरला ६.२ पोकळीचा कार्बन किंवा १८१६ सारखा ॲल्युमिनियम, सातच्या आसपास जाडीचा. १८१६ चा स्पाइन साडेसातशेच्या घरात आहे, तिच्या पौंडांना बसतो. ५ वरून ७ वर गेलं तर अर्धी जाडी १ मिलिमीटरने वाढली, इनडोअरच्या ६० बाणांना तीन मार्क. फुकटचे तीन मार्क कोण सोडतं.

कंपाउंडवाल्यांचं थोडं वेगळं आहे, त्यांनीही विचारलं असतं म्हणून दोन शब्द. त्यांचा बाण सेकंदाला ८५ मीटरच्या आसपास, ५० मीटर गाठायला ०.६ सेकंद, वाऱ्याला वेळच मिळत नाही फारसा, सेकंदाला १ मीटरच्या वाऱ्याला पावणेदोन-दोन सेंटीमीटर. पण त्यांचा फेस ८० सेंटीमीटरचा, दहाची रिंग फक्त ८ सेंटीमीटरची, आणि तिथे नऊ मारला की पुढच्या पोराने तुम्हाला मागे टाकलंच. २०२३ ला बर्लिनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमधे आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेने फायनलला १५० पैकी १५० मारले तेव्हा समोरच्याचे १४९ होते! एका बाणाने सोनं. त्याच स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी १७ व्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झाली, १४९-१४७. अशा ठिकाणी अर्धा मिलिमीटर पण माणूस मोजतो. ५ वरून ९.३ वर गेलं तर ५० मीटरच्या दहाचं क्षेत्र कागदावर १० टक्क्यांनी वाढतं, ७० मीटरच्या रिकर्व्ह दहाचं फक्त ७ टक्क्यांनी, आणि इनडोअर कंपाउंडचा दहा, जो जेमतेम २ सेंटीमीटरचा असतो, त्याचं ३७ टक्क्यांनी. म्हणून इनडोअरला कंपाउंडवाला ९.३ सोडून दुसरं काही वापरत असेल तर त्याला विचारा बाबा का. आउटडोअरला मात्र मी अजून बारीकच म्हणतो, फारतर साडेपाच-सहा, कारण वारा नसलेला दिवस स्पर्धेच्या दिवशी येत नाही. आता २०२८ च्या लॉस एंजेलिसला कंपाउंडची मिक्स्ड टीम ऑलिंपिकमधे आलीये, तर आपल्याकडच्या अकादम्यांत कंपाउंडची गर्दी वाढणार आणि हा प्रश्न रोज येणार.

परत तुमच्या पोरीकडे. आता काय घ्यायचं. ४.२ पोकळीचा, सरळ नळीचा म्हणजे बॅरल नसलेला, पूर्ण कार्बन शाफ्ट. मधल्या किमतीचा. स्पाइन सातशे ते आठशेच्या दरम्यान कुठेतरी येईल पण तिची ड्रॉ लांबी, म्हणजे ती दोरी किती मागे ओढते ते, माहीत नाही, म्हणून आकडा कोचना मोजून ठरवू दे. एक युक्ती मात्र करा. चार्टमधे जो स्पाइन येईल त्यापेक्षा एक पायरी कडक घ्या आणि बाण इंचभर लांब ठेवा. लांब ठेवला की तो मऊ वागतो, आत्ताच्या ३४ पौंडांना जुळेल. पुढच्या वर्षी ती ३७-३८ वर गेली की थोडा थोडा कापत जायचं, कापला की कडक होतो. एकाच डझनात दोन सीझन निघतात. फक्त कापताना एका वेळी पाव इंचाच्या वर नाही, आणि आधी एकच बाण कापून बेअर शाफ्ट, म्हणजे बिनपिसांचा, मारून बघायचा, बाराच्या बारा एकदम कापून मग डोक्याला हात लावणारे पालक मी बघितलेत.

पॉइंट असा घ्या की ज्याचा तुकडा तोडून वजन कमी करता येतं, १०० ते १२० ग्रेनच्या (पॉइंटच्या वजनाचं माप) मधला. नाक जड असलं की बाण लवकर सरळ होतो. मागे बारीक वळणदार प्लास्टिकची पिसं, मोठी पिसं आउटडोअरला अजिबात नाहीत, बारीक शाफ्ट घेऊन मागे चार इंची पिसं लावली तर केलेलं सगळं पाण्यात. इनडोअरच्या बाणाला मात्र मोठी पिसं लावा खुशाल.

एक गोष्ट कुणी सांगत नाही ती बटची. आपल्याकडच्या कितीतरी मैदानांवर फोमचे बट मधोमध खाऊन खाऊन चाळण झालेले असतात. जाड बाण तिथे अडकून थांबतो, बारीक बाण तोंडापासून पिसांपर्यंत आत जातो आणि पिसं सोलून निघतात. पहिल्या आठवड्यात पोरगी रडवेली होऊन येईल. तिला सांगा बटच्या ताज्या भागावर फेस लावायचा, शाफ्टच्या पुढच्या हातभर भागाला कोरडा साबण घासायचा, आणि बाण काढताना रबरी पुलर वापरायचा, सरळ रेषेत ओढायचा, वाकवून नाही. साबण अंगाचा चालतो, वासाचा कुठलाही.

आता शेवटचं, इनडोअर-आउटडोअर बदल. ज्यांच्याकडे दोन जाडीचे बाण आहेत ते नोव्हेंबरात बाण बदलतात आणि बाकी काही बदलत नाहीत, मग म्हणतात जाड बाण मला सूट होत नाही. अरे बाबा, बाण जाड झाला की त्याचा मध्य बटनपासून (बाणाला बाजूने टेकणारी स्प्रिंगची पिन) बाहेर सरकतो, फरकाच्या निम्मा. ५ वरून ७ ला १ मिलिमीटर. बटनच्या नळीला इंचाला २४ आटे असतात, म्हणजे एका पूर्ण फेऱ्याला १ मिलिमीटरच्या किंचित वर. तर एक फेरा आत, झालं काम. आणि बाण रेस्टच्या, म्हणजे त्याला खालून आधार देणाऱ्या, तारेवर बसतो म्हणून त्याचा मध्य तेवढाच वर पण जातो, नॉकिंग पॉइंट (दोरीवर नॉक बसायची खूण) पण १ मिलिमीटर वर घ्यावा लागतो. क्लिकर जाड बाणावरून जास्त ताणला जातो, त्याचा आवाज आणि वेळ दोन्ही बदलतात, पोरांना ते लगेच कळतं पण सांगता येत नाही, नुसतं म्हणतात आज बरोबर वाटत नाहीये. क्लिकरची पट्टी जराशी बाहेर वाकवून ताण सारखा करायचा. आणि शक्य असेल तर दोन्ही सेटला एकाच मापाचे नॉक बसतील असे बुश किंवा पिन घाला, म्हणजे दोरीवर नॉक बसायची टिचकी दोन्हीकडे सारखी राहते. सोपं जातं खूप.

म्हणजे दादा तुमचे पैसे दोनदा जाणार नाहीत, कारण दुसरा सेट तुमच्या घरात आधीच असणार. मला खात्री आहे तिचे आत्ताचे सरावाचे बाण ६.२ चेच असतील, अकादमीत पोरांना तेच देतात. ते विकू नका, धाकट्या कुणाला देऊ पण नका. त्यांची पिसं काढून मोठी लावा, तुटके नॉक बदला, वाकडे बाजूला काढा, आणि डब्यात ठेवा. बटन, नॉकिंग पॉइंट आणि क्लिकरच्या दोन्ही जागा वहीत लिहून ठेवा, एक पान बारीक बाणाचं, एक जाडचं. नवीन बारा आले की घरीच सोनाराच्या छोट्या काट्यावर एकेक बाण पॉइंट-पिसांसकट तोला, सगळ्यात जुळणारे आठ स्पर्धेचे, उरलेले चार सरावाचे, आणि आठांवर तिचं नाव आणि नंबर टाका, नाव किंवा आद्याक्षरं तर नियमानेच लागतात. नंबर यासाठी की सहा-सात राउंडनंतर एखादा तीन नंबर नेहमी उजवीकडेच जातोय असं दिसलं, तर तो पोरीचा दोष नसतो.